रोल केज हाताळताना
गोदामात नव्याने रुजू झालेल्यांना मी सर्वप्रथम हेच सांगतो की रोल केज, म्हणजे चाकांचा जाळीदार पिंजरा, नेहमी ढकलावा. ओढल्यास तो आपल्याच टाचांवर येतो आणि पाठही पिळवटते. पूर्ण भरलेल्या पिंजऱ्याचे वजन ४०० ते ५०० किलोपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे एकदा वेग घेतल्यावर तो एकट्याला आवरत नाही. हलवण्यापूर्वी वाकून चारही चाके पाहावीत. पुष्कळदा एखाद्या चाकाच्या आसाभोवती प्लॅस्टिक वेष्टनाची पट्टी घट्ट गुंडाळलेली आढळते आणि मग पिंजरा सारखा एकाच बाजूला ओढ घेतो. जड खोकी तळाशी ठेवावीत आणि पुढचे दिसेल इतकाच माल रचावा. बोटे चौकटीच्या बाहेर ठेवू नयेत, कारण दारातून नेताना ती चेंगरतात (माझ्या करंगळीचे नख अजून वाकडे आहे). ट्रकच्या टेल लिफ्टवर, म्हणजे मागच्या वर-खाली होणाऱ्या फळीवर, ब्रेक लावल्याशिवाय हात सोडू नये आणि उतारावर दुसऱ्याची मदत घ्यावी. त्यात कमीपणा नाही. पिंजरा कलंडू लागलाच, तर तो सावरायला न जाता तत्काळ बाजूला व्हावे, त्याला पडू द्यावे आणि पर्यवेक्षकाला कळवावे.