नोकरी सांभाळून ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि पळणं सलग) कशी करायची, आणि दुखापतीनंतर गेलेला फॉर्म परत येतो का?

येतो. पण आपल्याला हवा त्या क्रमाने येत नाही. हा क्रम न कळल्यामुळेच बरीच माणसं एकदा बरी होऊन दुसऱ्यांदा मोडतात.

तुम्ही लिहिलंय की वय 34, पुण्यात आयटीत नोकरी. गेल्या वर्षी गोव्याची आयर्नमन 70.3 ही ट्रायथलॉन सहा तास वीस मिनिटांत केलीत, मग नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, म्हणजे पुन्हापुन्हा ताण पडून बारीक चीर गेली. त्याला आता चार महिने झाले, ऑफिसचं काम वाढलंय, पळताना जुना वेग सापडत नाही आणि सात आठवड्यांनी ऑलिंपिक अंतराच्या शर्यतीत नाव घातलंय. पळू की सोडू? मी 2023 साली जवळजवळ हेच भोगलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी कोल्हापूरची. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये आहे. भट्टीतल्या प्रत्येक हीटचं, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचं, सॅम्पल तपासायचं, कार्बन-सिलिकॉन बसलं की मगच धातू ओतायला होकार द्यायचा, हे माझं काम. एक आठवडा सकाळी सातची शिफ्ट, एक आठवडा दुपारी साडेतीनची. सुट्टी सोमवारी. गावातले सगळे सायकलवाले रविवारी लांब राइडला निघतात तेव्हा मी कामावर असते, आणि सोमवारी मी एकटी गगनबावडा रस्त्याला साळवणपर्यंत जाऊन येते. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये मी गोव्याची पहिली 70.3 केली. वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते, यात 1.9 किलोमीटर समुद्रात पोहायचं, 90 किलोमीटर सायकल आणि लगेच 21.1 किलोमीटर पळायचं असतं, सगळं मिळून साडेआठ तासांच्या आत. मला सहा तास एकेचाळीस मिनिटं लागली. मिरामारच्या वाळूत बसून मी त्याच दिवशी ठरवलं की पुढच्या वर्षी सहा तास वीस.

आणि तिथून माझं चुकत गेलं.

मार्च 2023 पासून मी वजन उतरवायला घेतलं. हलकं अंग, जोरात पळणं, एवढाच हिशेब डोक्यात. रात्रीची भाकरी बंद, भात बंद, राइडवर नुसतं पाणी. एप्रिलमध्ये लॅबमधली सहकारी नोकरी सोडून गेली आणि तिचंही काम माझ्याकडे आलं. ऑडिट जवळ आलेलं, झोप पाच-साडेपाच तास. सराव मात्र एक मिनिटही कमी केला नाही, उलट वाढवला. मे महिन्यात पाळी आली नाही. जून, जुलैतही नाही. आज लिहिताना त्रास होतो, पण खरं सांगायला हवं: मला ते सोयीचं वाटलं होतं. पोहण्याचा एकही दिवस बुडत नव्हता.

माझे सासरे तरुणपणी तालमीत होते. एका सोमवारी मी राइडवरून आले, सायकल भिंतीला टेकवून तिथेच पायरीवर बसले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मेहनत लई दिसत्या पोरी तुझी. खुराक कुठं हाय?" मी ते कानाआड केलं. कुस्तीचं वेगळं, आपलं वेगळं, असं मला वाटायचं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, काही दिसलं नाही, शिन स्प्लिंट, म्हणजे नडगीच्या कडेची सूज, म्हणून गोळ्या दिल्या. मी गोळी घेऊन आणखी दोन आठवडे पळत राहिले. मग एका रात्री दुखण्यानेच जाग आली. स्वयंपाकघरात दिवा लावून अंगठ्याने नडगी वरपासून खालपर्यंत दाबत गेले. बाकी कुठे काही नाही, पण घोट्याच्या वर चार बोटांवर एकच जागा, रुपयाच्या नाण्याएवढी. तिथे अंगठा टेकला आणि डोळ्यांत पाणी आलं. हा फरक लक्षात ठेवा. शिन स्प्लिंटचं दुखणं हाडाच्या कडेने लांबवर पसरलेलं असतं आणि अंग तापलं की बरेचदा कमी होतं. फ्रॅक्चरचं एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येतं, पळताना वाढत जातं, पुढे पुढे बसल्या जागीही ठणकतं. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर बरेचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतं. माझं तसंच दिसलं. ऑक्टोबरची गोव्याची शर्यत तिथेच संपली.

दुसऱ्या डॉक्टरांनी, ज्या खेळाडूंच्याच दुखापती बघतात, पायाकडे बघायच्या आधी दोन प्रश्न विचारले. पाळी शेवटची कधी आली? दिवसभरात काय खाता? मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला. वजन 54 किलो, त्यातली चरबी वजा केली तर उरतं साधारण 42. खाणं 1700 कॅलरीचं, त्यातल्या 700 व्यायामात जळतात. शरीराला जगायला उरल्या 1000. भागिले 42, म्हणजे किलोला 24. हा आकडा 45 च्या आसपास हवा, 30 च्या खाली गेला की शरीर एकेक खातं बंद करायला लागतं. आधी पाळी, मग हाडांची डागडुजी. याला रेड-एस म्हणतात, म्हणजे व्यायामाच्या मानाने शरीराला ऊर्जा कमी पडणं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 साली हे नाव रूढ केलं आणि ते पुरुषांनाही होतं, फक्त त्यांच्यात पाळीसारखी उघड खूण नसते. गोळ्या घेऊन आणलेली पाळी या हिशेबात धरू नका, हेही त्यांनी बजावलं. डी जीवनसत्त्वही कमी निघालं. माझं हाड पळण्यामुळे मोडलं असं मी सगळ्यांना सांगत होते. पळणं निमित्त होतं. ते महिनोन्‌महिने उपाशी होतं.

त्या दिवशी घरी येऊन मी सासऱ्यांना सांगितलं की तुम्ही म्हणालात तेच डॉक्टर म्हणाल्या. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरून किटली भरून दूध घेऊन आले, आणि पुढे कित्येक महिने आणत राहिले.

आता परत येण्याबद्दल. आठ आठवडे पळणं पूर्ण बंद. पहिले तीन आठवडे पायांत पुल-बॉय (तरंगता फोमचा तुकडा) अडकवून नुसत्या हातांनी पोहले, कारण भिंतीला लाथ मारली तरी कळ यायची. चौथ्या आठवड्यापासून घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, सायकल, हलका गिअर. मग कमरेला तरंगायचा पट्टा बांधून खोल पाण्यात पळणं. अतिशय कंटाळवाणं काम आहे, पण दम टिकवायला मला त्याच्याइतकं काहीच उपयोगी पडलं नाही. नवव्या आठवड्यात विद्यापीठाच्या मैदानावर मातीत एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं, असं सहा वेळा.

त्या दिवशी घड्याळ बघून मी खचले. दुखापतीआधी सव्वासहा मिनिटांना किलोमीटर या वेगात माझे ठोके 148 असायचे. आता सव्वासातला 160. सराव थांबला की सगळ्यात आधी रक्तातला पातळ भाग कमी होतो, तेही काही दिवसांतच. मग हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त ठोके लागतात. दोन-तीन आठवड्यांत दमही उतरायला लागतो. पण यातलं बहुतेक लवकर भरून येतं. माझे ठोके दीड महिन्यात बरेचसे जागेवर आले. स्नायूंना आणखी वेळ लागला. हाड सगळ्यात शेवटी. नवीन भरलेलं हाड नीट कठीण व्हायला कित्येक महिने जातात, आणि ते आतून काही कळवत नाही.

म्हणूनच बाराव्या-चौदाव्या आठवड्याचा काळ सगळ्यात धोक्याचा. दम आला, पाय हलके वाटतात, घड्याळ खूश, आणि हाड अजून कच्चं. तुम्ही आत्ता तिथेच कुठेतरी आहात. वेग सापडत नाही म्हणून तुम्ही काळजीत आहात, मला काळजी वाटते ती वेग एकदम सापडेल त्या आठवड्याची. मी त्या काळात एकच नियम धरला होता. पळताना काय वाटतं ते महत्त्वाचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकताना काय वाटतं ते महत्त्वाचं. त्या जागेवर अंगठा दाबून दुखलं तर मागच्या पायरीवर. दोनदा मागे आले. दोन्ही वेळा रडले, पण आले.

लूसी चार्ल्स-बार्कले या ब्रिटिश व्यावसायिक ट्रायथलीटचं उदाहरण सगळे देतात. खुब्याच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे 2022 चा अर्धा हंगाम गेला, तरी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती लांब अंतराची विश्वविजेती झाली, ऑक्टोबरमध्ये हवाईत कोनाला आयर्नमनच्या जागतिक स्पर्धेत दुसरी आली, आणि 2023 साली कोना जिंकली. मलाही त्याने धीर आला होता. पण तिचा दिवस सरावासाठीच मोकळा असतो आणि दुपारी ती झोपू शकते. तिचं वेळापत्रक आपण उचलायचं नाही.

नोकरीचं मला जे कळलं ते असं. शरीराचं खातं एकच. पोहण्याचं वेगळं, ऑडिटचं वेगळं, आजारी मुलाच्या उशाशी काढलेल्या रात्रीचं वेगळं, अशी पासबुकं नसतात. भट्टीजवळ आठ तास उभं राहिले की तो माझा सरावच झालेला असतो, फक्त तो घड्याळात दिसत नाही. तुमच्या रिलीजचा आठवडा आणि रात्री अकराचे अमेरिकेचे कॉल यांचंही तेच. पूर्वी मी दर आठवड्याला दहा तास म्हणजे दहा तास, असा हट्ट धरायचे. आता दुपारच्या शिफ्टच्या आठवड्यात नऊ-दहा तास करते, कारण सकाळी आठपर्यंत झोप मिळते. सकाळच्या शिफ्टच्या आठवड्यात सहा. ऑडिटच्या महिन्यात चार-पाच, तेही सगळं हलकं, आणि त्याची खंत करायची नाही. आठवड्यातले दोनच सराव जोराचे, एक सायकलचा, एक पळण्याचा. सलग दोन रात्री सहा तासांच्या आत झोप झाली की जोराचा सराव रद्द. हा नियम नवऱ्याला सांगून ठेवलाय, कारण मी स्वतः तो पाळेनच असं नाही. पोहणं मात्र कधी तोडत नाही. अर्धा तास का होईना, पाण्यात गेलं पाहिजे. पाण्याची पकड हातातून लवकर सुटते.

आणि खाणं. व्यायामाच्या दिवशी साधारण 2600 कॅलरी, हे मी आता शिफ्टच्या डब्यासारखं पाळते. राइडवर दर पाऊण तासाला केळं किंवा गूळ-शेंगदाण्याची वडी, घरी आल्यावर लगेच दूध आणि अंडी, रात्री भाकरी आणि भातही. वजन दोन किलो वाढलं. पाळी डिसेंबरमध्ये परत आली, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला शर्यत पूर्ण केल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये गोव्याला परत उतरले. सहा तास अठ्ठावन्न. पहिल्यापेक्षा सतरा मिनिटं हळू, आणि शेवटचे पाच किलोमीटर त्या उकाड्यात बरंचसं चालत. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये सहा तास चौतीस. म्हणजे मोडल्यापासून पहिल्यापेक्षा चांगली वेळ यायला मला दोन वर्षं आणि वर काही महिने लागले. तुम्हाला कमी लागतील, जास्तही लागतील, पण चार महिन्यांत परत येणार असं धरून चालू नका.

तुमच्या सात आठवड्यांनंतरच्या शर्यतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ऑलिंपिक अंतर म्हणजे 1.5 किलोमीटर पोहणं, 40 सायकल, 10 पळणं. पोहणं आणि सायकल तुम्ही आजही कराल. पण सायकलवरून उतरून थकलेल्या पायांनी, शेजारून लोक पुढे जात असताना, शर्यतीच्या वेगात दहा किलोमीटर पळणं हे या हाडाला आत्ता परवडणारं नाही. आयोजकांना विचारा रिले आहे का, म्हणजे टप्पे वाटून घेता येतात का. असेल तर पोहणं आणि सायकल तुमची, पळायला मैत्रीण घ्या. रिले नसेल तर नाव मागे घ्या, प्रवेश फीचे पैसे गेले तरी चालतील. गोवा अजून लांब आहे.

तुम्ही पायाबद्दल, ऑफिसबद्दल, वेगाबद्दल सगळं लिहिलंत. पाळीबद्दल काही लिहिलेलं नाही, आणि इथे लिहायची गरजही नाही. पण गेल्या सहा महिन्यांत ती नियमित आली की नाही, हे या आठवड्यात डॉक्टरांना आपणहून सांगा. त्यांनी विचारायची वाट बघू नका. मला पहिल्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं.