महामार्गाच्या कामावर ट्रॅफिक सुपरवायझरची नोकरी घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, रस्त्याच्या कामावर ट्रॅफिक सुपरवायझरची जागा मिळतेय, पण घरचे म्हणतात, ‘झेंडेवाल्यांवर मुकादमी करायला शिकलास काय?’ हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. मुंबई-गोवा महामार्गावर, संगमेश्वर ते लांजा या पट्ट्यात, मी चार पावसाळे हेच काम केलंय.

झेंडा दाखवायला अक्कल लागत नाही असं ज्याला वाटतं, त्याने वळणावर अर्धा रस्ता बंद असताना उरलेल्या अर्ध्यातून, ३०० मीटर, आळीपाळीने सोडायची वाहतूक एक दिवस सांभाळून दाखवावी. दोन टोकांचे झेंडेवाले एकमेकांना दिसत नाहीत. ताशी २० किलोमीटरच्या वेगाने गाडीला ते अंतर कापायला ५४ सेकंद लागतात, चढावर भरलेला डंपर असला तर त्याहून कितीतरी जास्त. तेवढा वेळ दोन्हीकडे लाल झेंडा. रांगेतल्याला समोरचा रस्ता रिकामा दिसतो, तो हॉर्न बडवत राहतो, बाईकवाले रस्त्यावर मांडलेल्या प्लास्टिकच्या कोनांमधून घुसतात. वॉकी-टॉकी डोंगराआड दगा देतात, म्हणून आम्ही शेवटच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे लाल फडकं गुंडाळलेली काठी द्यायचो. काठी पलीकडे पोचल्याशिवाय तिकडची गाडी सोडायची नाही, मग रांगेत कुणीही असो. एसटीचे ड्रायव्हर ती काठी फार जपून न्यायचे.

आता जे सांगायचंय ते. २०१९ ला गणपतीच्या आधी आमचं रस्त्याखालून पाणी जायच्या मोरीचं काम थांबवलं, चाकरमान्यांसाठी रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा केला. बॅरिकेड हलवले, कोन उचलले, पण ‘पुढे काम चालू आहे’, ‘रस्ता अरुंद’, ‘वेगमर्यादा २०’ हे फलक तसेच उभे. मी साइटवरच्या साहेबांना म्हटलं, फलकांवर गोणपाट बांधून घेतो, काम सुरू झालं की सोडू. साहेब म्हणाले, ‘राहू देत की. फलक असल्याने कुणाचं काय बिघडतं? तपासणीला कुणी आलं तर झाकलेले फलक दिसायला नकोत.’ मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सगळ्या माणसांसमोर ‘तुझं काम झेंडेवाले बघायचं’ असं ऐकून घेतलं आणि गप्प बसलो. ते गप्प बसणं मला आजही सलतं.

तीन आठवडे हजारो गाड्या त्या फलकांपुढून गेल्या. पुढे ना माणूस, ना खड्डा. पहिल्या दिवशी ड्रायव्हर ब्रेक मारतो, चौथ्या दिवशी मारत नाही. रोजचा ड्रायव्हर तर फलकाकडे बघायचंही सोडतो.

अनंत चतुर्दशीनंतर काम पुन्हा सुरू झालं. अलीकडच्या टोकाला आमचे एक म्हातारे झेंडेवाले होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. पहाटे साडेपाचची वेळ, बारीक पाऊस, जांभ्याची लाल माती डंपरच्या चाकांनी डांबरावर आलेली. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून निघालेली पिकअप साठाच्या पुढेच असेल. साठाच्या वेगात गाडी थांबायला ८० मीटर लागतात असं आपण शिकतो, ते बऱ्या रस्त्यावर. इथे गाडी घसरतच आली. आबांनी गटारात उडी टाकली म्हणून वाचले, पण पाय दोन ठिकाणी मोडला. ड्रायव्हर तरणा पोरगा, थरथरत होता. म्हणाला, ‘दादा, बोर्ड तर महिनाभर आहे. आज खरंच काम आहे हे मला कसं कळणार?’

मला याचं उत्तर देता आलं नाही.

नंतर जो कागद बनला त्यात ‘वाहनचालकाचा निष्काळजीपणा’ एवढंच लिहिलं होतं. मी सही केली नाही, महिन्याभरात दुसऱ्या साइटवर बदली झाली. ते साहेब अजूनही भेटले की म्हणतात, चूक त्या पोराचीच. त्याचा वेग जास्त होता, मान्य. पण त्याला तीन आठवडे खोटं आपण सांगितलं होतं. काम नसेल तेव्हा फलक काढा किंवा झाका, यात माझी हुशारी काही नाही. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचं एसपी-५५ हे मार्गदर्शक पुस्तक आहे, २०१४ ची आवृत्ती, कामाच्या जागेवरच्या वाहतुकीसाठीच काढलेलं. रुजू व्हायच्या आधी ते वाचा. मोटार वाहन कायद्यातलं २०१९ चं १९८-अ कलमही वाचा. रस्त्याच्या बांधकामात ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे माणूस गेला किंवा अपंग झाला, तर ठेकेदार, सल्लागार आणि संबंधित प्राधिकरण यांना एक लाखापर्यंत दंड आहे. म्हणजे चूक नेहमी ड्रायव्हरचीच असते असं कायदाही मानत नाही.

नोकरी घ्या. पगार साइट इंजिनिअरपेक्षा कमी असतो, रात्रपाळी असते, पावसाळ्यात अंगावरचं रिफ्लेक्टर जॅकेट वाळत नाही. पण मुलाखतीत एक विचारा: फलक झाकायचा आणि गाड्या थांबवायचा निर्णय तुमचा, की साहेबांना विचारून? विचारून असेल तर मी तरी ती जागा घेणार नाही.

माझा अनुभव दोन पदरी रस्त्यावर अर्धी बाजू बंद ठेवून केलेल्या कामाचा आहे, हे लक्षात घ्या. चौपदरी झालेल्या भागात वाहतूक दुभाजकातून पलीकडे वळवतात, तिथे काठी चालत नाही, काँक्रीटचे अडथळे आणि लुकलुकणारे दिवे लागतात. गोणपाट मात्र तिथेही लागतं. गाडीत दहा-बारा ठेवा, सुतळीसकट.