बारटेंडर व्हायचंय, आधी कोर्स करू की डायरेक्ट काम धरू? आणि काम नक्की काय असतं?

डायरेक्ट काम धरा, तेही बारबॅक म्हणून, म्हणजे बारटेंडरच्या हाताखाली, कोर्स नंतर केला तरी चालतो. मी स्वतः काउंटरमागे काम करतो म्हणून सांगतोय, ड्रिंक बनवणं हा यातला छोटा भाग आहे, बाकी वेळ बर्फ भरा, ग्लास पुसा, लिंबं कापा, स्टॉक मोजा आणि हे करताना चार ऑर्डरी डोक्यात ठेवा यातच जातो, आणि ते उभं राहूनच शिकता येतं. घरी सराव करायचा असेल तर:

- जिगरने, म्हणजे दारू मोजायच्या छोट्या मापाने, मोजायची सवय लावा, ३० आणि ६० मिली. अंदाजाने ओतलं की चव पण जाते आणि हिशोब पण.
- ज्यूस, क्रीम किंवा अंड्याचा पांढरा भाग असेल तर शेक करायचं, १०-१५ सेकंद, शेकरवर बाहेरून दव धरेपर्यंत. नुसती दारू असेल तर बर्फात चमच्याने ढवळायचं. निग्रोनी या कॉकटेलपासून सुरुवात करा, जिन, कॅम्पारी (कडवट लाल लिकर), स्वीट व्हर्मूथ (मसाले घातलेली गोडसर वाइन) तिन्ही ३०-३० मिली, लक्षात राहायला सोपं.

बाटल्या उडवायचं नंतर बघा, त्याआधी जास्त झालेल्या गिऱ्हाईकाला आवाज न चढवता नाही म्हणायला शिका, हे खरंच महत्त्वाचं आहे. फक्त एक, मोठ्या हॉटेलांत किंवा क्रूझवर जायचं असेल तर बऱ्याचदा सर्टिफिकेट मागतात, आणि दारू सर्व्ह करायला कमीत कमी वय किती लागतं ते जागेनुसार बदलतं, ते आधी बघून घ्या.