अपघाताची जखम भरली, माणूस मात्र बदलला, कोणाकडे न्यावं?

प्रश्न :

नमस्कार ताई. आमची सहा एकर कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि तूर. गेल्या दिवाळीच्या तोंडावर माझे मिस्टर संध्याकाळी दारव्ह्याहून गाडीवर येत होते. रोही (नीलगाय) आडवा आला. हेल्मेट नव्हतं, डोक्याला मार लागला. नागपूरला अकरा दिवस ठेवलं, त्यातले चार दिवस शुद्ध नव्हती. ऑपरेशन लागलं नाही. आता हातपाय नीट चालतात. फिटची गोळी तेवढी सुरू आहे. बघणाऱ्याला वाटतं, माणूस ठणठणीत आहे.

पण घरी आलेला माणूस वेगळाच आहे. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून बाहेर जातात. पोळ्याच्या दिवशी मुलीच्या अंगावर तांब्या फेकला, मग स्वतःच रडत बसले. पूर्वी वीस वेचणाऱ्या बायांचं वजन तोंडपाठ असायचं. यंदा वहीत एकीचं नाव दोनदा लिहिलं, दुसरीचं राहिलं. तिनं विचारलं तर तिच्यावरच ओरडले. दोघी काम सोडून गेल्या. काही म्हटलं तर म्हणतात, ‘मले काही झालं नाही, तुमीच मांगं लागले.’ रात्री मात्र कधी कधी म्हणतात, ‘त्या दिवशीच गेलो असतो तर बरं झालं असतं.’

तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, सीटी नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे. दोनदा उतारा झाला. एका समुपदेशकाकडे गेलो. त्यांनी तासभर ‘रागावर ताबा ठेवा’ सांगितलं. घरी येईपर्यंत यांचं डोकं इतकं दुखलं की दोन दिवस उठले नाहीत. बोलून उपचार करणारा, पण डोक्याच्या माराचं समजणारा माणूस कुठे मिळेल? आणि यांना नेऊ कशी? ‘वेड्याच्या दवाखान्यात’ यायला ते तयार नाहीत.

– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर :

ताई, बाकीचं पत्र नंतर. आधी ते रात्रीचं वाक्य. घरात किंवा कोठ्यात फवारणीची औषधं असतील तर आजच्या आज कुलपात जाऊ द्या, किल्ली तुमच्या कमरेला. नाहीतर डबे शेजारी ठेवायला द्या. पुन्हा असं बोलले तर विषय बदलू नका. ‘मरावंसं वाटते का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने मनात नसलेलं येत नाही. आणि १४४१६ वर फोन लावा. ही केंद्र सरकारची टेलीमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. रात्रंदिवस चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो फोन तुमच्या स्वतःसाठीही लावता येतो. तांब्याच्या जागी उद्या दुसरं काही उचललं, तर मुलीला घेऊन शेजारी जायचं आणि ११२ लावायचा. आजारी माणूस आहे म्हणून मार खाऊन घ्यायचा नसतो.

आता सीटीचं. सीटी स्कॅनमध्ये साकळलेलं रक्त दिसतं, हाडाचा तडा दिसतो. पण डोकं जोरात हिसकलं की मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात; ते सीटीत बहुतेकदा दिसत नाही. चार दिवस शुद्ध नव्हती म्हणजे मार मोठा होता, रिपोर्ट काही म्हणो. कपाळामागचा मेंदूचा भाग हा कासऱ्यासारखा असतो. तो ढिला पडला की राग येतो आणि त्याच क्षणी हातातून निघून जातो. ‘मले काही झालं नाही’ हाही त्याच माराचा भाग असू शकतो. पुष्कळदा अशा माणसाला स्वतःतला बदल खरंच दिसत नाही. खोटं बोलत नसतो तो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझा धाकटा भाऊ २००९ साली पोळ्याच्या तोरणासाठी आंब्याचे डहाळे तोडताना झाडावरून पडला. तेव्हा मी सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक होते, लोकांना रोज रस्ता दाखवायचे, आणि घरात वर्षभर त्याला आळशी म्हणत होते. त्याला पहिल्यांदा ज्यांच्याकडे नेलं, त्यांनी रोज एक पान मनातले विचार लिहून आणायला सांगितलं. वही दोनदा हरवली. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, ‘तुम्हाला बरं व्हायचंच नाही.’ लक्षात ठेवणंच ज्याचं मोडलंय, त्याला लक्षात ठेवायचा गृहपाठ!

दुसऱ्या एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत्या, वयाने लहान. त्यांनी आधी पंखा बंद केला, त्याची घरघर होत होती. मग पहिला प्रश्न विचारला, ‘पडल्यानंतरचं तुम्हाला सगळ्यात आधी सलग काय आठवतं?’ भाऊ म्हणाला, दवाखान्यातली खिचडी. ती खिचडी पडल्यानंतर नवव्या दिवसाची होती. मधले दिवस पुसलेले. असे किती दिवस पुसले गेले त्यावरून मार किती खोल होता याचा अंदाज येतो, हे मला त्या दिवशी कळलं. वीस-पंचवीस मिनिटांत त्यांनी बोलणं थांबवलं आणि त्याच्याच हाताने एका कार्डावर तीन ओळी लिहून घेतल्या. आवाज वाढला की उठून बाहेर. पैसे देण्याआधी बायकोला विचारणे. दुपारी झोप. ते कार्ड शर्टाच्या खिशात राहायचं. अजून राहतं, खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्नीत घातलेलं. खर्रा सुटला, पन्नी राहिली.

तुम्हाला असं माणूस हवं. पण त्याच्याआधी एकदा नागपूरच्या ज्या डॉक्टरांनी तपासलं त्यांच्याकडे परत जा. डोकेदुखी वाढत असेल, मधेच झापड येत असेल तर उशीर नको. गोळीचं नावही त्यांना दाखवा. लेव्हेटिरासिटाम ही फिटची गोळी काही जणांना चिडचिडं करते. डॉक्टर ती बदलू शकतात. मनाने मात्र एक दिवसही बंद करायची नाही. आणि दारू असेल तर तिच्याने फिटचा धोका वाढतो, हे डॉक्टरांच्याच तोंडून त्यांना ऐकवा. बायकोचं कोण ऐकतं!

जवळचं म्हणजे यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिथला मानसोपचार विभाग. ओपीडीत नुसता नंबर लावू नका. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणत्या दिवशी बसतात?’ हे आधी विचारा, नाहीतर गोळ्यांची चिठ्ठी घेऊन परत याल. मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात. स्मरण, लक्ष, हिशोब यांच्या चाचण्या आणि बोलण्याचा उपचार बहुतेक ठिकाणी सायकॉलॉजिस्टकडे असतो. तिथे नाही जमलं तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग आहे, तो विसरू नका. वजनाची वही परत कशी लिहायची हे शिकवणारी माणसं ती. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच दिलासा. पहिल्या दोन-तीन भेटींनंतर फोनवर बोलणं चालेल का, तेही विचारून ठेवा. वेचाईत दर आठवड्याला एक दिवस मोडणं परवडत नाही, मला माहीत आहे.

खासगीत जायचं असेल तर पाटीवर जाऊ नका. तीन महिन्यांचा कोर्स केलेला माणूसही ‘समुपदेशक’ अशी पाटी लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. आणि पैसे भरण्याआधी फोनवर दोनच गोष्टी विचारा. डोक्याला मार लागलेले पेशंट आधी पाहिलेत का? आणि त्यांच्याशी बोलायला बसण्याची पद्धत काय बदलता? ‘काही बदलायची गरज नसते, सगळं मनावर असतं’ असं उत्तर आलं की ‘बरं’ म्हणून फोन ठेवून द्या. जे समजतात ते वेळ कमी करू, लिहून देऊ, तुम्हालाही सोबत बसवू, असं स्वतःहून सांगतात.

जाताना डिस्चार्ज कार्ड न्या. त्यावर जीसीएस म्हणून, शुद्ध किती होती ते सांगणारा, ३ ते १५ मधला आकडा असतो. ८ किंवा त्याखाली असेल तर मार गंभीर होता. ते कार्ड न मागणारा थेरपिस्ट मला तरी चालत नाही. तुमची ती वजनाची वहीही न्या, जिथे एकीचं नाव दोनदा आलंय ते पान उघडून. तुमच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा ते पान जास्त सांगेल.

आता त्यांना नेण्याचं. फसवून नेऊ नका. एकदा विश्वास गेला की दुसऱ्यांदा गाडीत बसणार नाहीत. पण ‘वेड्याचा दवाखाना’ हा शब्दही तुम्ही कशाला उचलायचा? डोकं दुखतं, आवाज सोसत नाही, हिशोब चुकतो, हे त्यांना स्वतःला खुपतंय. ‘हिशोबाचं डोकं तपासून घेऊ’ म्हणा. चाचणी खरोखर तीच असते, म्हणजे खोटंही नाही. सकाळी न्या, जेवल्यावर नको. थकलेला मेंदू दुपारपर्यंत संपतो. सासूबाईंना उताऱ्यावरून तोडून बोलू नका. लिंबू उतरवू द्या, गोळी वेळेवर जाऊ द्या.

तोवर वेचाईपुरतं एवढं करून बघा. काट्याला झोळी त्यांनीच लावायची, आकडा मोठ्याने त्यांनीच सांगायचा, वहीत मुलगी लिहील. दहा बाया झाल्या की दहा मिनिटं कडुनिंबाखाली बसायचं, मग पुढच्या. आणि सोडून गेलेल्या दोघींच्या घरी तुम्ही जाऊन या, राहिलेल्या वजनाचे पैसे घेऊन.