चोरदिंडी आधी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. मैत्रीण बंगळूरला गेली, वाकडच्या फ्लॅटमध्ये आता तू एकटीच, आणि रात्री बारापर्यंत तुलनेचे व्हिडिओ बघत बसतेस. पासवर्ड मॅनेजर कोणता, गुगल सोडू का, नोट्स कशात ठेवू, दाराला डिजिटल कुलूप बसवू का. प्रश्न चार, पण प्रत्येकाच्या तळाशी एकच: सगळ्यात चांगलं कोणतं? प्रायव्हसी का जपायची हे तुला सांगायला नको, म्हणून तो भाग गाळतो. पण हा 'सगळ्यात चांगलं'वाला प्रश्न आधी टाकून दे.

रायगडाला महादरवाजा आहे तशी चोरदिंडीही आहे, म्हणजे बाहेर पडायची छुपी, लहान वाट. महादरवाजा कितीही बेलाग असो, अडकलो तर दुसरी वाट कोणती हे बांधणाऱ्याने आधी ठरवलं होतं. कुठलंही ॲप घेताना तू तेवढंच विचार. चोरदिंडी कुठे आहे? ती सापडली की मग रंगरूप, किंमत, फीचर्स.

सुरुवात फोनपासून कर, कारण तुझं सगळं त्यावरच टांगलेलं आहे. समज, पीएमपीच्या बसमधल्या गर्दीत तो गेला. घरी दुसरं माणूस नाही, म्हणजे दुसरा फोनही नाही. शेजाऱ्याचा फोन मिळाला, पण नंबर कोणाचा पाठ आहे? चोर तुझा स्क्रीनलॉक तोडत बसत नाही. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो, आणि ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. म्हणून सिमलाच पिन लाव. सेटिंग्जमध्ये 'सिम लॉक' असं असतं. आधी कंपनीकडून मूळ पिन विचारून घे, अंदाजाने टाकू नकोस. तीनदा चुकलं की सिम पीयूके, म्हणजे कुलूप उघडायचा दुसरा मोठा आकडा, मागतं, आणि पीयूके दहादा चुकला की ते सिम कायमचं गेलं. ई-सिम असेल तर ते काढून नेता येत नाही, तेवढं बरं. लॉकस्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणंही बंद कर, नाहीतर कुलूप न उघडताच ओटीपी वाचता येतो.

आता खरी गोम. नवं सिम काढलंस तरी चालू झाल्यावर पहिले चोवीस तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. सिम-स्वॅप करून, म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचं नवं सिम स्वतःच काढून, खाती रिकामी करणाऱ्यांना आळा घालायला दूरसंचार विभागाने घातलेलं बंधन आहे ते, आणि योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की तो एक दिवस तुला ओटीपी नाही, यूपीआय नाही, मेल नाही. तो दिवस काढायची तयारी आजच हवी. घरात थोडी रोकड. कागदावर चार-पाच नंबर: बँक, सिम कंपनी, दोन माणसं, आणि सायबर फसवणुकीसाठी 1930. त्याच कागदावर फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, तो *#06# दाबला की दिसतो. पोलिसांकडे तक्रार नोंदवली की तिची प्रत जोडून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो, मग त्या फोनमध्ये कुठल्याही कंपनीचं सिम घातलं तरी चालत नाही.

आणि बॅकअप कोड. गुगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर आठ अंकी दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. फोन नसताना मेल उघडायची चोरदिंडी ती हीच. लोक काय करतात? त्यांचा स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवतात! झेरॉक्सच्या दुकानातही प्रिंट काढू नकोस, फाइल त्या कम्प्युटरवर राहते. हाताने लिही. पुढे कधी नवे कोड काढलेस तर जुने बाद होतात, तेव्हा तो कागद फाडून टाक. मी कागदावर लिहा म्हणतो म्हणून मला जुनाट समजतात. समजू देत. इंटरनेटवरून चोरी करणाऱ्याचा हात तुझ्या कपाटातल्या डायरीपर्यंत पोचत नाही.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डमागे ठेवणारं ॲप, याचं उत्तर छोटं आहे. कीपासएक्ससी घे किंवा बिटवॉर्डन. पहिल्यात सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये असतात, ती लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर ठेवायची, हरवली तर जबाबदार तूच. दुसरा कंपनीच्या सर्व्हरवर असतो, पण सगळं एक्स्पोर्ट करून, म्हणजे फाइलमध्ये उतरवून, नेता येतं. साधी सीएसव्ही (तक्त्याची) फाइल काढलीस तर ती उघडी असते, काम झाल्यावर पुसायला विसरू नकोस. 2022 साली लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरांच्या हाती लागल्या. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, म्हणजे भिस्त राहिली ती प्रत्येकाच्या मुख्य पासवर्डवर. तो पाच-सहा असंबद्ध शब्दांचा कर. अभंगाची ओळ नको, ती सगळ्यांना पाठ असते. देवनागरीतही नको, लॉगिनच्या पानावर मराठी कीबोर्ड मिळेलच असं नाही. मराठी शब्द रोमनमध्ये लिहिणार असशील तर स्पेलिंग एकदा ठरव आणि पहिले काही दिवस रोज टाइप कर. 'व'साठी व्ही की डब्ल्यू, याच घोळात माणसं स्वतःच्या खात्याबाहेर बसतात.

नोट्सच्या बाबतीत मी जास्त हट्टी आहे, कारण पुण्यात हा प्रकार डोळ्यांदेखत झालेला आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधी इथल्या डीटीपीवाल्यांकडे (संगणकावर पानं जुळवणाऱ्यांकडे) मराठी मजकूर ज्या फॉन्टमध्ये बसवला जायचा, त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे भरलेले असत. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर नुसती चिन्हांची खिचडी. पुस्तकं छापून झाली, फाइल्स राहिल्या, आणि आज त्या उघडायच्या तर कन्व्हर्टर शोधा, मग जोडाक्षरं तपासत बसा. मजकूर होता, चोरदिंडी नव्हती. म्हणून तुझं लिखाण युनिकोडमध्ये आणि साध्या टेक्स्ट किंवा मार्कडाउन (टेक्स्टमध्येच मथळ्यांच्या, याद्यांच्या खुणा) फाइलमध्ये असू दे. ऑब्सिडियन हे नोट्सचं ॲप तसंच ठेवतं, फोल्डरमध्ये सरळ फाइल दिसते. नोशन हे दुसरं ॲप आवडत असेल तर वापर, पण आज दहा नोट्स टाकून आजच एक्स्पोर्ट करून बघ. चित्रं आली का? आतली पानं आली का? तक्त्यांचं काय झालं? हजार नोट्स झाल्यावर ही परीक्षा कोणी घेत नाही. ब्लॉग-बातम्या एका जागी वाचायचं गुगल रीडर 1 जुलै 2013 ला बंद झालं, मित्रमंडळींचं ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला. दोन्ही वेळा आपला माल न्यायला मुदत दिली होती. मुदत पाळली कोणी? ज्यांना वाट आधीच माहीत होती त्यांनी.

गुगल सोडू नकोस. एका शनिवार-रविवारात सोडणारे महिन्याभरात परत येतात. वर्षातून दोनदा टेकआउटने, म्हणजे गुगलच्याच डेटा उतरवायच्या सोयीने, सगळं उतरवून एका हार्डडिस्कवर ठेव. मेलमध्ये आलेल्या लिंकची मुदत साधारण आठवडाभर असते. फोटोंसोबत बारक्या जेसन फाइल्स येतील, त्यांना कचरा समजू नकोस. तारीख, जागा असे तपशील त्यांत असतात.

व्हॉट्सॲप की सिग्नल? जिथे तुझी माणसं आहेत तिथे. फक्त व्हॉट्सॲपच्या बॅकअपचं एन्क्रिप्शन (कुलूपबंद करणं) वेगळं चालू करावं लागतं, आणि त्याचा पासवर्ड किंवा 64 अंकी किल्ली हरवली तर कंपनीही उघडून देत नाही. तीही डायरीत.

भाडेकराराचं नूतनीकरण येतंय म्हणालीस. एजंटला आधारची मास्क्ड प्रत दे, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. त्यावर 'फक्त भाडेकरारासाठी' आणि तारीख आडवी लिही. ती पीडीएफ कुलूपबंद असते खरी, पण पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, एजंटला दोन्ही माहीत असतात. आधारचे बायोमेट्रिक्स लॉक केले असतील तर ऑनलाइन नोंदणीच्या वेळी अंगठा जुळणार नाही, मशीनला दोष देऊ नकोस. अनलॉक करायला ओटीपी लागतो, म्हणजे पुन्हा तोच फोन. तेव्हा लॉक जरूर कर, पण पासपोर्ट किंवा लायसन्ससारखा दुसरा पुरावा घरात मूळ प्रतीत असू दे.

डिजिटल कुलूप घ्यायचं तर साध्या चावीनेही उघडणारं घे, आणि सेल संपल्यावर बाहेरून करंट द्यायची सोय आहे का ते दुकानातच लावून बघ. दुसरी चावी चपलांच्या रॅकमध्ये नाही, कोथरूडच्या तुझ्या आत्याकडे. बॅकअप कोडांची एक नक्कल बंद पाकिटात घालून तिच्याकडेच दे. एकटं राहणं म्हणजे कोणाकडेच काही न ठेवणं, असं तुझ्या मेलमध्ये दोन ठिकाणी डोकावलं. तो हेका सोड.

नवा लॅपटॉप कोणता, हे तू जाता जाता विचारलंस, त्याचं उत्तर मुद्दाम देत नाही. आधी कोड लिहून आत्याकडे पोचव, मग तो प्रश्न पुन्हा पाठव.

तुझा,
काका