वीर्याचा रंग बदलला, प्रोस्टेटचं काही असेल का?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ५२, बार्शीजवळच्या गावात शेती आणि खताचं दुकान आहे. दोन आठवड्यांपूर्वी संबंधानंतर पंच्याला गंजल्यासारखा तांबूस डाग दिसला, बायको उठायच्या आत मोरीत जाऊन धुऊन टाकला. त्यानंतर अजून दोनदा तसंच झालं. दुखत नाही, लघवी साफ होते, रात्री एकदा उठावं लागतं एवढंच. मोबाईलवर बघितलं तर सगळीकडे कॅन्सर कॅन्सर. माझ्या चुलत्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता. तेव्हापासून झोप नाही आणि घरात कुणाला बोललो पण नाही.

उत्तर : दादा, आधी ती भीती थोडी बाजूला ठेवू. वीर्यात रक्त येणं दिसायला फार भयानक वाटतं, पण ज्यांना होतं त्यातल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो, आणि पुष्कळदा तर सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही आणि ते आपोआप थांबतं. वीर्य म्हणजे नुसते शुक्रजंतू नाहीत, ते तर त्यात अगदी थोडे असतात, निम्म्याहून जास्त पाणी मूत्राशयाच्या मागे असलेल्या दोन पिशव्यांमधून येतं आणि बराचसा बाकीचा भाग प्रोस्टेट या मूत्राशयाखालच्या ग्रंथीतून. या पिशव्यांमध्ये किंवा प्रोस्टेटमध्ये कुठेतरी सूज आली, एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली, खडा झाला, की रक्त वीर्यात मिसळतं. लालभडक असेल तर ते ताजं, आणि तुम्ही सांगता तसं गंजाच्या रंगाचं असेल तर ते आधीचं साठलेलं, म्हणून रक्त थांबलं तरी पुढचे काही आठवडे वीर्य तपकिरी येऊ शकतं, त्याने घाबरायचं नाही.

पण तुमचं वय ५२ आहे आणि तीनदा झालंय, त्यामुळे घरी बसून वाट बघा असं मी तुम्हाला सांगणार नाही. चाळिशीच्या आत, एकदाच झालं आणि बाकी काही त्रास नाही, तर लघवी आणि बीपी तपासून थांबता येतं. चाळिशीनंतर एकदा युरॉलॉजिस्टला, म्हणजे मूत्रविकाराच्या डॉक्टरला, दाखवायचंच. सोलापूरला किंवा तुम्हाला जवळ पडेल तिथे जा. बीपी मुद्दाम बघायला सांगा, कारण बरीच वर्षं वाढलेलं आणि कुणी न मोजलेलं बीपी हेही एक कारण असतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिचं पाकीटच सोबत न्या. पूर्वी कधी टीबी झाला होता का तेही सांगा, कारण आपल्याकडे टीबी फुप्फुसात होतो तसा मूत्रमार्गात आणि प्रोस्टेटमध्येही होतो आणि तो विचारल्याशिवाय सापडत नाही. आणि हो, लघवीतून रक्त जात असेल तर ती गोष्ट वेगळी, ती जास्त गंभीर धरायची, तंबाखू किंवा विडी असेल तर आणखीच, त्यात एक दिवस पण घालवायचा नाही. रक्त तुमचंच आहे ना हीसुद्धा खात्री करा, एकदा कंडोम वापरून त्यातलं वीर्य उजेडात पांढऱ्या कागदावर बघा, कारण कधीकधी डाग बायकोच्या अंगावरून जाणाऱ्या रक्ताचा असतो आणि मग तपासायचं तिला असतं.

युरॉलॉजिस्ट प्रोस्टेट बोटानेही तपासतील. बोटाने तपासणी म्हटलं की आपली माणसं उठून जातात, म्हणून ती कशी असते ते सांगतो. कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, डॉक्टर हातमोजा घालून जेली लावून गुदद्वारातून एक बोट आत घालतात, अर्ध्या मिनिटात होतं. प्रोस्टेट अक्रोडाएवढी असते आणि गुदाशयाच्या अगदी समोर असते, म्हणून बोटाला लागते. तुमच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा दाबून बघा, निरोगी प्रोस्टेट साधारण तशी लागते, आणि मूठ वळून बोटाचं हाड दाबलं की जसं कडक लागतं तशी गाठ लागली तर पुढे तपासायचं. एवढ्यासाठीच असते ती तपासणी, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

सोबत पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन मोजायची रक्ततपासणी सांगतील. ४ च्या वर आकडा आला की लोक रडायला लागतात, पण पीएसए कॅन्सरशिवायही वाढतो, वयाने मोठी झालेली प्रोस्टेट असेल, सूज असेल, लघवीचं इन्फेक्शन असेल. म्हणून रक्त द्यायच्या आधी दोन दिवस संबंध नको, हस्तमैथुन नको, जास्त सायकल चालवणं नको, आणि इन्फेक्शन झालं असेल तर ते बरं झाल्यावर साधारण ६ आठवडे थांबून करा, नाहीतर रिपोर्ट चुकीचा घाबरवतो. चुलत्यांचं डॉक्टरांना जरूर सांगा, पण वडिलांना किंवा सख्ख्या भावाला असता तर धोका साधारण दुप्पट धरतात, चुलत्यांचं वजन त्यापेक्षा कमी.

आणि दादा, वहिनींना सांगा. पहाटे मोरीत एकट्याने डाग धुण्यापेक्षा दवाखान्यात सोबत कुणीतरी असलेलं बरं.

प्रश्न : वय २६, पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. माझं वीर्य पिवळसर येतं आणि त्यात साबुदाण्यासारख्या गाठी असतात. रूममेट म्हणतो धातू खराब झाली, प्रोस्टेट गेली. एका ठिकाणाहून महागाचं चूर्ण पण आणलंय.

उत्तर : ते चूर्ण बंद कर आधी. बरेच दिवस वीर्य बाहेर पडलं नाही तर ते थोडं पिवळसर येतं, बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेत असशील तरी तसं दिसू शकतं. गाठी म्हणशील तर वीर्य बाहेर आल्यावर आधी घट्ट होतं आणि १५ ते ३० मिनिटांत पातळ होतं, ती त्याची रीतच आहे. तुझ्या वयात प्रोस्टेटचा कॅन्सर जवळजवळ नसतोच. वीर्याच्या एका थेंबाला रक्ताचे इतके थेंब लागतात हे जे तुम्हा मुलांच्या डोक्यात भरवलंय ना, ते खोटं आहे रे, आणि त्या भीतीने अशक्तपणा, झोप न लागणं, अभ्यासात लक्ष न लागणं असे खरे त्रास होणारी पोरं मी बघतो तेव्हा फार वाईट वाटतं. हिरवट रंग, घाण वास, लघवीला जळजळ, अंडकोष दुखणं यातलं काही असेल तर मात्र इन्फेक्शन असू शकतं, लघवीचं कल्चर (कोणते जंतू आहेत ते बघायची तपासणी) करून औषध घे, आणि जोडीदार असेल तर तिचीही तपासणी कर. थंडी वाजून ताप आणि बैठकीच्या जागी ठणका असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. टीबीची औषधं चालू असतील तर रिफाम्पिसिनने लघवी, घाम, वीर्य सगळं नारिंगी होतं, ते रक्त नव्हे, त्यासाठी गोळ्या सोडू नकोस.

प्रश्न : मिस्टरांचं वय ६१. प्रोस्टेट वाढल्याने महिन्यापूर्वी गोळी चालू केली, लघवीची धार सुधारली, पण आता संबंधाच्या वेळी काहीच बाहेर येत नाही. ते गप्प गप्प झालेत.

उत्तर : ताई, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. टॅमसुलोसिन, सिलोडोसिन या गोळ्यांनी असं होतं, सिलोडोसिनने जास्तच. काहींचं वीर्य उलटं मूत्राशयात जातं आणि नंतरच्या लघवीतून गढूळ निघून जातं, काहींना ते तयारच कमी होतं. त्याने अपाय नाही आणि पुरुषपणही जात नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. गोळी मनाने बंद करू नका, धार परत अडेल, डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलता येते. अजून एक, फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही प्रोस्टेट लहान करणारी गोळी पण चालू असेल तर साधारण सहा महिन्यांनी पीएसएचा आकडा निम्म्यावर येतो, त्यामुळे पुढच्या वेळी रिपोर्ट दाखवताना ही गोळी कधीपासून चालू आहे ते चिठ्ठीवर लिहून न्या.