अकोल्याच्या मुलीला चेन्नईचं ऊन

चेन्नईला बदली झालेलं कुटुंब समुपदेशनाला आलं की बोलणं उकाड्यापासून सुरू होतं. चाकणला गाड्यांचे कारखाने, तिकडे ओरगडम-श्रीपेरुंबुदूरलाही गाड्यांचे कारखाने, त्यामुळे पुण्याहून तिकडे बदली होणं आता काही नवं राहिलेलं नाही. "तिकडचं ऊन मला झेपेल का?" हा प्रश्न वारंवार येतो. उत्तरादाखल एक केस सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वैशाली चाळिशीची. माहेर अकोला, सासर पुणे. मुलगी सातवीत जाणारी, घरात सासूबाई. नवऱ्याला बढतीवर ओरगडमला पाठवत होते. घर बघायला दोघं मे महिन्यात चेन्नईला गेली आणि तिथे एका इमारतीचा जिना चढताना वैशालीला घेरी आली. पारा त्या दिवशी ३८ च्या आसपास. परत आल्यावर नवऱ्यानं नातेवाइकांत हसत हसत सांगितलं, "पंचेचाळीस डिग्रीत वाढलेली बाई अडतिसात आडवी झाली!" सासूबाईंनी त्यात भर घातली, "जायचं नसलं की घेऱ्या येतातच." माझ्याकडे आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, मी खरंच नाटक करतेय का?"

नाटक अजिबात नव्हतं. नुसत्या घामानं अंग गार होत नाही, घाम वाळला की होतं. अकोल्याची हवा कोरडी, तिथे घाम कधी आला आणि कधी वाळला ते कळतही नाही. चेन्नई समुद्रकाठी. हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, नुसता पाठीवरून ओघळत राहतो. त्यामुळे तिथले ३८ अंश अंगाला कितीतरी जड जातात. माहेरचा मोठा कूलर ट्रकमध्ये टाकायचा तिचा बेत होता, तो मी पहिल्याच भेटीत मोडीत काढला. कूलर हवेत आणखी ओल सोडतो. अकोल्यात तो जीव वाचवतो, चेन्नईत खोलीची न्हाणी करतो.

हे ऐकून ती ताठ बसली. समुपदेशकानं ओलाव्याचं विज्ञान कशाला सांगत बसायचं, असं कुणी म्हणेल. पण जिचा शारीरिक त्रास घरानं ढोंगात काढलाय तिला "सकारात्मक विचार करा" सांगणं म्हणजे ढोंगावर शिक्काच मारणं. म्हणून आम्ही आधी ऊन हा साधा घरगुती प्रश्न म्हणूनच हाताळला.

अंगाला नव्या उकाड्याची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, तेही रोज थोडं थोडं बाहेर पडलं तर. एसी गाडीतून एसी घरात जाणाऱ्याला ती होत नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून शेवटच्या आठवड्यापर्यंत तिथे 'अग्निनक्षत्र', म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे दिवस असतात, लोक त्यांना 'कत्तिरी' म्हणतात. तेवढ्यात सामान हलवू नये, घरं बघत उन्हात फिरू तर मुळीच नये. पण आपल्या लोकांना गोंधळात टाकतो तो जून. सात तारीख उलटली की मराठी माणूस आभाळाकडे बघायला लागतो. चेन्नईचा मुख्य पाऊस मात्र ऑक्टोबर ते डिसेंबरात, परतीच्या मोसमी वाऱ्यांवर येतो. जून-जुलैत संध्याकाळी एखादी सर, बाकी उन्हाळा चालूच. हे ठाऊक नसलेली माणसं जूनच्या मध्यावर कोलमडतात, कारण मनानं ते सुटकेची तारीख धरून बसलेले असतात. डिसेंबर-जानेवारी मात्र सुखाचे.

सासूबाईंना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी, ज्याला आपण 'पाण्याची गोळी' म्हणतो, ती चालू होती. अशा गोळीवर असलेल्यांना दमट उकाड्यात अंगातलं पाणी आणि क्षार कमी पडायची भीती जास्त. लिथियम हे मनाच्या आजारावरचं औषध घेणाऱ्यांनी तर जाण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायलाच हवं, कारण शरीरातलं पाणी घटलं की रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. मनाच्या इतर काही औषधांनीही घाम कमी होतो. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही, फक्त शहर बदलतंय हे डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

मग घर. नवऱ्यानं पसंत केलेला फ्लॅट तांबरमच्या पुढे, मुडिचूरच्या बाजूला, सगळ्यात वरच्या मजल्यावर. कारण काय, तर कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते आणि भाडं कमी. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री घरात उष्णता सोडतो. दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा किनाऱ्याजवळ लवकर पोचतो, आत तांबरमकडे उशिरा. शिवाय २०१५ च्या डिसेंबरात मुडिचूर पाण्याखाली होतं. वेळचेरीही बुडतं, ते पळ्ळिकरणैच्या दलदलीला लागून वसलंय. पुन्हा २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग वादळानं शहर तुंबलंच. मी तिला म्हटलं, ब्रोकरला विचारू नका, खालच्या इस्त्रीवाल्याला विचारा की त्या दोन्ही वेळेला पाणी कुठवर आलं होतं. इस्त्रीवाला भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

पाण्याचं दुसरं टोकही आहेच. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे तलाव आटले आणि जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गेलेली २०१६ ची 'जलदूत' रेल्वे ज्यांना आठवते त्यांना अधिक सांगायला नको. त्यामुळे इमारतीत सरकारी नळाचं पाणी येतं, बोअरचं की टँकरचं, हे करार करण्याआधी विचारायचं. प्यायला वीस लिटरचा कॅन बऱ्याच घरांत येतो. अनामत पूर्वी सर्रास दहा महिन्यांच्या भाड्याइतकी मागत. २०१७ च्या राज्य कायद्यानं ती तीन महिन्यांवर आणली आहे, पण करारात वेगळं लिहिलं असेल तर तेच चालतं, म्हणून सही करण्यापूर्वी नीट वाचा.

शाळेचं दोघांनी आधीच बघून ठेवलं होतं. मी एवढंच सुचवलं की सातवीत येणाऱ्या मुलीला तमिळ घ्यावं लागेल का, हे शाळेकडून लेखी घ्या.

एवढं सगळं करून वैशाली पुढच्या भेटीला आली. वहीत सगळी उत्तरं लिहिलेली. दुसऱ्या मजल्यावरचं घर, डॉक्टरांशी बोलणं, सगळं. मी विचारलं, "आता कसं वाटतंय?" तिनं वही मिटली, पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. म्हणाली, "आता माझ्याकडे नाही म्हणायला कारणच उरलं नाही."

आणि मग पतसंस्थेचं निघालं. ती अकरा वर्षं एका पतसंस्थेत हिशेब सांभाळत होती. पगार बेताचा, पण मार्चअखेरीला मॅनेजर तिच्या टेबलाशी येऊन उभे राहत. बदलीची बातमी आली त्या रात्री नवरा म्हणाला होता, "तुझ्या नोकरीचं काय, सोडायचीच आहे." प्रश्नचिन्हाशिवाय. त्यावर भांडायला ती धजली नाही, कारण त्याच्या पगारापुढे तिचा पगार म्हणजे पोहे-साखरेचा खर्च, हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं. ऊन ही एकच अडचण अशी होती की जी ती मोठ्यानं बोलू शकत होती.

उकाड्याच्या तक्रारीखाली दरवेळी काहीतरी दडलेलं असतं, असं मी म्हणत नाही. काहींना खरंच फक्त उकाडा नको असतो. पण उन्हाची उत्तरं मिळूनही जीव हलका झाला नाही, तर उन्हाबद्दल आणखी माहिती गोळा करण्यात अर्थ नाही.

नवऱ्याला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. "तिनं कधी सांगितलंच नाही," हे त्याचं म्हणणं खरं होतं. "तुम्ही कधी विचारलंत?" यावर तो गप्प बसला. त्या भेटीत दोघांनी तीन गोष्टी कागदावर आणल्या. तो आधी एकटा जाईल. ती पतसंस्थेला घरून अर्धवेळ कामाबद्दल विचारेल. आणि गेल्यावर वर्षभरानं दोघं बसून पुन्हा ठरवतील, तेव्हा "आता इथे बस्तान बसलंय" हे कारण त्याला पुढे करता येणार नाही. ही तिसरी अट मी सुचवली. "जमवून घे, हळूहळू होईल" या सल्ल्यावर माझा फारसा विश्वास नाही, कारण तो सल्ला देणाऱ्याला काहीच जमवून घ्यावं लागत नाही.

पतसंस्थेनं निम्म्या पगारावर हो म्हटलं. सासूबाई उन्हाळ्यापुरत्या धाकट्या दिरांकडे.

पहिले दोन-तीन महिने जड गेले. हिंदीतून सुरुवात केली की रिक्षावाला तोंड फिरवायचा, मोडक्या तमिळमधून केली की तोच खुलायचा. शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या की "साप्टाच्चा?" म्हणून जेवण झालं का ते विचारायच्या. वैशालीला आधी ही चौकशी खुपायची. मग एकदा त्यांनीच तिला दुपारी ताडगोळे आणून दिले, तिथे त्यांना नुंगु म्हणतात. महाराष्ट्र मंडळाचा गणपतीही तिनं गाठला, पण दर रविवारी तिथेच जाऊन बसू नका, असं मी तिला सांगितलं होतं. शिंक आली तरी पुण्याला फोन लावणाऱ्यांची मुळं दोन्हीकडे सुटलेली राहतात. (तंजावरला १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. त्या वेळच्या मराठी घरांचे वंशज चेन्नईतही आहेत, आणि 'राव' आडनावाच्या शेजाऱ्यांकडून जुनी, आपल्याला मजेशीर वाटणारी मराठी कानावर पडू शकते.)

नव्या शहरात महिनाभर रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेकांना होतं. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली, अंथरुणातून उठावंसं वाटेनासं झालं किंवा मरणाचे विचार यायला लागले तर उकाड्याला दोष देत थांबू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

वैशालीचं वर्ष येत्या जूनमध्ये भरेल. नवऱ्याला तिथेच राहायचंय. मुलगीही रमली आहे. वैशालीचं ठरलेलं नाही, आणि तिनं ते तसं घरात सांगितलंय. फोनवर मी उकाड्याचं विचारलं तर म्हणाली, "तो आहेच हो," आणि पतसंस्थेच्या ताळेबंदात कुठे सातशे रुपयांचा फरक येतोय ते सांगायला लागली.